टायर, ब्रेक आणि अ‍ॅव्हरेज : पिकअपचा सगळा हिशेब उष्णतेचा

माळशेज उतरून टोकावड्याला चहाला थांबलो की मी आधी गाडीला एक चक्कर मारतो. चारी चाकांच्या रिमजवळ हाताची मागची बाजू नेतो. टेकवत नाही, नुसती जवळ नेतो. चारही चाकांची धग सारखी लागली तर चहा सांगायचा. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं असेल तर चहा राहू दे, आधी त्या चाकाचं काय बिनसलंय ते बघायचं.

ही सवय मला एका पावसाळी रात्री लागली. गाडीत वाशी मार्केटला न्यायचे टोमॅटो भरलेले. धुकं दाट, पुढे एक ट्रक रांगत चाललेला. मी तिसऱ्या गिअरमध्ये आणि उजवा पाय सतत ब्रेकवर. निम्मा घाट उतरलो असेन, तेवढ्यात जळक्या रबरासारखा वास आला आणि पुढच्या वळणावर पॅडल पायाखाली मऊ लागलं. ओल्या कापडावर पाय ठेवावा तसं. भराभर दोन-तीनदा पंप केलं तेव्हा थोडा ब्रेक लागला. दुसरा गिअर टाकला, डोंगराच्या बाजूला गाडी घेतली, चाकाला दगड लावला आणि पाऊण तास तिथेच उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने ब्रेक ऑइल काढून दाखवलं. काळ्या चहासारखं होतं. गाडी घेतल्यापासून ते बदललंच नव्हतं, कमी झालं की वरून ओतायचो एवढंच.

तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागलो. सर्व्हिसिंगवाल्याला विचारलं, टायरवाल्याला विचारलं, शाळेतलं भौतिकशास्त्र पुन्हा काढलं. आपण पिकअपवाले टायरचा खर्च, ब्रेकचा खर्च आणि डिझेलचा खर्च असे तीन वेगळे रकाने मांडतो. खरं तर रकाना एकच आहे, उष्णतेचा. टायरमध्ये, ब्रेकमध्ये, हवेत जी उष्णता जाते ती सगळी आपण पंपावर पैसे मोजून विकत घेतलेली असते.

मोजायला घरातलं माप घेऊ. एक लिटर डिझेल पूर्ण जळालं आणि थेंबभरही उष्णता वाया गेली नाही, तर साधारण शंभर लिटर साधं पाणी उकळेल. इंजिन मात्र त्यातली जेमतेम तिसऱ्या हिश्श्याची ताकद चाकांपर्यंत पोचवतं. बाकी सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून जाते. म्हणजे एका लिटरमागे चाकाच्या वाट्याला येतं ते तीस-पस्तीस लिटर पाणी उकळण्याइतकं. एवढ्या भांडवलावर आपला धंदा चालतो. ते कुठे गळतं ते आता बघू.

टायर का तापतो

एखादी लोखंडी तार हातात धरून पुन्हा पुन्हा वाकवली आणि सरळ केली की ती वाकते तिथे गरम होते आणि शेवटी तुटते. टायरचंही तेच होतं. जमिनीला टेकलेला भाग चपटा होतो, वर गेला की गोल होतो. २१५/७५ आर १५ हा पिकअपला चालणारा एक आकार घ्या. २१५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे त्या रुंदीच्या ७५ टक्के इतकी बाजूच्या भिंतीची उंची. आर म्हणजे रेडियल, आणि १५ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. या टायरचा घेर सव्वादोन मीटरला थोडा कमी भरतो. एका किलोमीटरमध्ये तो साधारण ४५० वेळा फिरतो. ताशी ६० च्या वेगाने तासाभरात २७ हजार वेळा. तेवढ्या वेळा टायरची प्रत्येक जागा वाकते आणि सरळ होते.

या वाकण्यासरळण्यात ताकद खर्च होते, तिची उष्णता होते. भरलेल्या पिकअपमध्ये चाकांपर्यंत आलेल्या ताकदीतला ढोबळमानाने तिसरा हिस्सा टायर वाकवण्यातच जातो. हवा कमी असली की टायर जास्त वाकतो, जास्त तापतो. हवा पाचव्या हिश्श्याने कमी असली तर अ‍ॅव्हरेजला दोन-तीन टक्क्यांचा फटका बसतो. ऐकायला किरकोळ वाटतं. पण रोजची तीनशे किलोमीटरची फेरी, महिन्याला वीस फेऱ्या, म्हणजे ६ हजार किलोमीटर. बाराच्या अ‍ॅव्हरेजने ५०० लिटर डिझेल. त्यातले तीन टक्के म्हणजे १५ लिटर. डिझेल ९० रुपये धरलं तर महिन्याला साडेतेराशे रुपये फक्त हवेपायी गेले, आणि पंपावर हवा फुकट मिळते.

पैशांहून मोठी गोष्ट म्हणजे टायर फुटणं. रस्त्यात टायर फुटला की आपण खिळ्याला, खड्ड्याला किंवा कंपनीला दोष देतो. पुष्कळदा तो आधीचे कित्येक दिवस कमी हवेवर आणि जास्त वजनावर आतून शिजत आलेला असतो. बाजूच्या भिंतीतल्या दोऱ्यांची आणि रबराची पकड सुटत जाते. वरून काही दिसत नाही, आणि एप्रिलमधल्या दुपारी एकदम आवाज होतो.

हवा थंड टायरमध्येच मोजायची. म्हणजे गाडी तीनेक तास उभी असताना, किंवा दोन-तीन किलोमीटरच्या आत पंप असेल तर तिथे. हवेचा दाब पीएसआयमध्ये मोजतात. पन्नास पीएसआयच्या आसपास हवा असलेला टायर दहा अंशांनी तापला की काटा सुमारे दोन पीएसआयने वर जातो. घाट उतरून आलेला टायर पाच-सहा पीएसआय जास्त दाखवेल, तो बरोबरच आहे. ती हवा ‘जास्त झाली’ म्हणून सोडली, तर सकाळी थंड टायरमध्ये तेवढीच कमी भरेल आणि दिवसभर टायर जास्त तापेल. गरम टायरची हवा सोडायची नाही, हे पोराबाळांनाही सांगून ठेवण्यासारखं आहे.

किती भरायची? ड्रायव्हरच्या दारापाशी किंवा गाडीच्या पुस्तकात पुढच्या-मागच्या चाकांचे आकडे असतात. बऱ्याचदा रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे वेगळे. टायरच्या भिंतीवर छापलेला मोठा आकडा म्हणजे त्या टायरची कमाल मर्यादा. तुमच्या गाडीला किती हवी ते तो सांगत नाही. परतीला गाडी रिकामी असते, तेव्हा मागची हवा कमी करावी का, असं अनेक जण विचारतात. रोज भरायची-सोडायची कुणाला जमत नाही, मलाही जमत नाही. मी भरलेल्या गाडीचा आकडा ठेवतो आणि परतताना मागचं हलकं आहे हे लक्षात ठेवून ब्रेकवर पाय हळू ठेवतो, पावसात तर फारच. रिकाम्या हौद्याखाली कडक हवेची मागची चाकं ओल्या रस्त्यावर पटकन घसरतात.

नायट्रोजनबद्दल एवढंच सांगतो की साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. पैसे मोजून तो भरण्यापेक्षा हवा मोजायचा तीन-चारशे रुपयांचा स्वतःचा गेज घेऊन डॅशबोर्डात ठेवा.

टायरची झीज वाचायला शिकलं की अर्धी दुरुस्ती घरी कळते. दोन्ही कडा झिजल्या आणि मधली नक्षी शाबूत, तर हवा कमी राहिली. मध्ये गुळगुळीत आणि कडा चांगल्या, तर हवा जास्त. एकच कड खाल्ली असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकं सरळ रेषेत आहेत का ते, किंवा चाकाच्या जोडातले किंगपिन, बुश बघायला हवेत. थोड्या थोड्या अंतरावर खड्डे पडल्यासारखी झीज असेल तर शॉकअप संपलेत. आणखी एक तपासणी डोळ्यांनी होत नाही, तळव्याने होते. पुढच्या टायरच्या नक्षीवरून हात बाहेरून आत फिरवा, मग आतून बाहेर. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीच्या दातांसारखं टोचलं, तर चाकं सरळ चालत नाहीत, रस्त्यावर किंचित घासत चालली आहेत. कड खाल्लेली डोळ्यांना दिसेपर्यंत थांबलात तर तोवर निम्मा टायर गेलेला असतो. ही गोष्ट हाताला पहिल्या हजार-दोन हजार किलोमीटरमध्येच कळते.

नक्षीच्या खोबणीत तळाशी छोटे उंचवटे असतात. भिंतीवर छोटा त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय अशी अक्षरं जिथे असतात त्याच रेषेत ते सापडतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली म्हणजे १.६ मिलिमीटर उरली. आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत चारचाकीसाठी हीच किमान मर्यादा आहे. माळशेजच्या पावसात चालणाऱ्याने मात्र तिथवर थांबू नये, तीन मिलिमीटरला टायर बदलावा असं माझं ठाम मत आहे. खोबणीचं काम चाकाखालचं पाणी बाजूला सारणं. खोबण उथळ झाली की पाण्याला जायला जागा राहत नाही आणि चाक पाण्यावर तरंगतं.

भिंतीवर चार आकडी शिक्का असतो. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला टायर. जुना टायर नक्षी असूनही कडक होतो, त्याला बारीक भेगा पडतात. स्टेपनीचा शिक्का नक्की बघा. न वापरलेली म्हणून नवी समजतो आणि ती गाडीइतकीच म्हातारी असते.

वजनाचं गणित

आरसीवर दोन वजनं असतात, रिकाम्या गाडीचं आणि भरलेल्या गाडीचं. समजा रिकामी १,७२० किलो आणि भरलेली ३,२२०. फरक दीड टनाचा. रिकाम्या वजनात ड्रायव्हर धरलेला नसतो, म्हणून दोन माणसांचे १४० किलो आधी वजा करा. उरले १,३६०. टोमॅटोचं एक क्रेट मालासकट २२ किलो धरलं तर ६१ क्रेट झाले. हौद्यात मात्र रचून ९० बसतात, आणि शेतकरी बांधावर उभा राहून म्हणतो, “दादा, एवढे वीस-पंचवीस घ्या, माल सडून जाईल.” त्याचंही बरोबर असतं. ९० क्रेट म्हणजे १,९८० किलो, ६२० किलो जादा.

आता हे टायरवर मांडू. टायरच्या भिंतीवर आकारानंतर एक आकडा असतो, त्याला लोड इंडेक्स म्हणतात. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०६ म्हणजे ९५०, ११० म्हणजे १,०६०, ११२ म्हणजे १,१२०. हिशेब करताना एकूण वजनाला चाराने भागायची चूक होते. पिकअपमध्ये भरलेल्या वजनातला मोठा भाग मागे येतो. ३,२२० पैकी ६५ टक्के मागे धरलं तर जवळपास २,१०० किलो, म्हणजे मागच्या एकेका टायरवर सुमारे १,०५०. ११० चा टायर इथेच काठोकाठ भरला. वरचे ६२० किलो जवळजवळ सगळे मागच्या एक्सलवर बसतात, एका टायरवर तीनशेच्या आसपास. १,०६० किलोच्या टायरवर साडेतेराशे किलो. हौद्यात जागा आहे म्हणून टायरात ताकद येत नाही.

पकडलं तर दंडही आहेच. २०१९च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २ हजार. एका फेरीच्या भाड्यातून हे भरून निघत नाही.

गाडी मागे बसते म्हणून मागच्या स्प्रिंगचे पाटे वाढवून घेतात. मीही घेतले होते. पाटे वाढवल्याने गाडी बसत नाही, पण टायरची, एक्सलची आणि ब्रेकची ताकद तेवढीच राहते. आणि यात एक धोका असा आहे जो मला कुणीही सांगितला नव्हता. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या एक्सलपासून चासीपर्यंत एक बारीक दांडी आणि तिच्या टोकाला व्हॉल्व्ह असतो. एलएसपीव्ही म्हणतात त्याला. गाडी किती बसलीय ते ती दांडी ‘बघते’ आणि त्यावरून मागच्या ब्रेकला किती जोर द्यायचा ते व्हॉल्व्ह ठरवतो. रिकामी गाडी वर असते, तेव्हा मागे जोर कमी, म्हणजे चाकं जाम होऊन घसरू नयेत. भरलेली गाडी खाली बसते, तेव्हा मागे जोर पूर्ण. पाटे वाढवले की भरलेली गाडीही वरच राहते. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे. दोन टन माल आणि मागचे ब्रेक निम्म्या जोरावर, सगळा भार पुढच्या ब्रेकवर. पाट्यांचं काम झालं असेल तर ही दांडी पुन्हा सेट करून घ्या. एबीएस, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, असलेल्या गाड्यांत हे वाटप बहुधा इलेक्ट्रॉनिक्स करतं, पण आपल्या रस्त्यांवर दांडीवाल्या गाड्या अजून भरपूर आहेत.

घाटात ब्रेकला काय होतं

ब्रेक गाडी थांबवतो म्हणजे गाडीच्या वेगाची उष्णता करतो. दुसरं काही तो करूच शकत नाही. वेग दुप्पट झाला की ही उष्णता चौपट होते. ताशी ६० ला ब्रेक मारायचं मनात आल्यापासून पाय पोचेपर्यंत एका सेकंदात १७ मीटर जातात आणि चांगल्या कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी २४च्या आसपास. ८० ला तेच २२ आणि ४२. वीसचा फरक, पण ४१ मीटरचे ६४ झाले. ओल्या रस्त्यावर, झिजल्या टायरवर याहून कितीतरी जास्त.

घाटाची गोष्ट वेगळी. तिथे वेग नसला तरी उंची असते. ३,४०० किलोची गाडी ६०० मीटर खाली आणायची म्हणजे साठ लिटर पाणी उकळेल एवढी उष्णता कुठेतरी सोडायची. थोडी टायरात जाते, थोडी वाऱ्यात. इंजिनने मदत केली नाही तर बाकी सगळी पुढच्या दोन डिस्क आणि मागच्या दोन ड्रमच्या लोखंडात. डोळ्यांसमोर आणून बघा, साठ लिटरचा बंब उकळवणारा जाळ चार चाकांमध्ये वाटून लावलाय, आणि तो विझवायला फक्त वारा आहे.

तापत गेल्यावर ब्रेक तीन तऱ्हांनी साथ सोडतो. डिस्कला घासणारे पॅड आणि ड्रमला घासणारे लायनर, यांचा मसाला फार तापला की त्याची पकड कमी होते. पॅडल कडक लागतं, जोर लावता, पण गाडी ऐकत नाही. दुसरी तऱ्हा मी भोगली ती. पायाचा जोर चाकापर्यंत पोचवणारं ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. त्याच्या प्रतींना डॉट ३, डॉट ४ म्हणतात. नवं डॉट ३ ऑइल २०५ अंशांच्या खाली उकळत नाही, डॉट ४ चं २३० आहे. पण ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा डॉट ३ ला १४० आणि डॉट ४ ला १५५ वर येते. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पॅडल मऊ होतं. तिसरं म्हणजे ड्रम तापून फुगतो, लायनर आणि ड्रममधली फट वाढते आणि पॅडल खोल जातं.

पायाला कळणाऱ्या या खुणा वेगवेगळ्या लक्षात ठेवा. कडक पण पकड नाही, तर पॅड-लायनर तापलेत. मऊ, स्पंजासारखं, तर ऑइल उकळलंय किंवा लाइनमध्ये हवा आहे. थंड गाडीतही खोल जातं पण दोनदा मारल्यावर वर येतं, तर मागचे लायनर अ‍ॅडजस्टमेंटला आलेत. आणि उभ्या गाडीत पॅडल दाबून धरल्यावर ते सावकाश खाली सरकत असेल तर मास्टर सिलिंडर, म्हणजे पॅडलने ऑइल दाबणारा भाग, आतून पाझरतोय, ती गाडी घाटात नेऊच नका.

उपाय जुन्या ड्रायव्हरांनी केव्हाच सांगून ठेवलाय. भरलेली गाडी ज्या गिअरमध्ये घाट चढेल, त्याच गिअरमध्ये उतरवायची. दुसरा तर दुसरा. इंजिन घरघरतं, मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू दे. इंजिन गाडीला मागे ओढतं आणि ती उष्णता इंजिनातून, रेडिएटरमधून जाते. त्यासाठीच ते बनलेलं आहे. ब्रेक सतत चोळत राहायचं नाही. वेग वाढला की ठामपणे दाबायचा, वेग उतरवायचा, पाय पूर्ण काढायचा. मधल्या काळात डिस्कला वारा लागतो.

आणि न्यूट्रल. यावर मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण या एका समजुतीने माणसं गेली आहेत. घाट उतरताना न्यूट्रल मारलं की डिझेल वाचतं, असं अजून शिकवलं जातं. आजच्या कॉमन रेल, म्हणजे डिझेलचा फवारा इलेक्ट्रॉनिक्सने सोडणाऱ्या, इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की डिझेलचा फवारा बंदच होतो. चाकं इंजिनला फिरवत असतात, डिझेल लागत नाही. न्यूट्रलमध्ये मात्र चाकांशी संबंध तुटतो, इंजिनला स्वतः चालू राहायला डिझेल जाळावं लागतं. तासाला अर्धा-पाऊण लिटर. म्हणजे न्यूट्रलमध्ये डिझेल जास्त जळतं, आणि साठ लिटरच्या बंबाचा सगळा जाळ ब्रेकवर येतो.

किल्लीच बंद करणारेही आहेत. ब्रेकला पायाचा जोर वाढवून देणारा बूस्टर व्हॅक्यूमवर चालतो आणि तो व्हॅक्यूम इंजिनवर फिरणारा पंप तयार करतो. इंजिन बंद झाल्यावर साठलेल्या व्हॅक्यूमवर दोन-तीनदा ब्रेक लागतो. पुढे पॅडल दगडासारखं होतं, पॉवर स्टिअरिंगही जड होतं. वीस मिनिटांच्या उतारात चालू इंजिन न्यूट्रलला फार तर पाव लिटर पितं, वीस-बावीस रुपयांचं. गाडी गिअरमध्ये ठेवली तर तेही लागत नाहीत.

घाट उतरल्यावर तापलेल्या ड्रमवर पाणी मारू नका, ओतीव लोखंडाला तडा जातो. लगेच हँडब्रेक ओढून ठेवू नका, गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा. फुगलेला ड्रम थंड होताना आकसतो आणि लायनरला धरून बसतो. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी पूर्ण बदला, कोकणात गाडी फिरत असेल तर दिवस चुकवू नका. खर्च एका टायरच्या दहाव्या हिश्श्याइतकाही नाही.

अ‍ॅव्हरेज खरं किती

मीटरवरच्या आकड्यापेक्षा टाकी ते टाकी हा हिशेब भरवशाचा. एकाच पंपावर, नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा, किलोमीटर लिहा. पुन्हा तशीच भरा आणि झालेले किलोमीटर भरलेल्या लिटरने भागा. एका फेरीवर जाऊ नका, चार-पाच फेऱ्यांची बेरीज घ्या. शेजारच्या गाडीशी तुलना करताना रस्ता विचारा. ओतूरहून मी वजन घेऊन घाट उतरतो आणि रिकामा चढतो. भिवंडीहून माल भरून घाट चढणाऱ्याला माझं अ‍ॅव्हरेज मिळणार नाही. तीच ३,४०० किलोची गाडी ६०० मीटर वर न्यायला दीड लिटरच्या वर डिझेल जास्तीचं लागतं, आणि उतरताना त्यातलं फारच थोडं परत मिळतं.

वेगाचा परिणाम आपल्या अंदाजापेक्षा मोठा असतो. ६० वरून ८० ला गेलात की वाऱ्याचा अडथळा पावणेदोन पटीच्या वर जातो. क्रेटचा ढीग आणि फडफडणारी ताडपत्री म्हणजे वाऱ्यापुढे उभी केलेली भिंत. ताडपत्री ताणून बांधली, सुटी टोकं आत खोचली तर आवाजही कमी होतो आणि डिझेलही वाचतं. मार्केटच्या गेटवर रांगेत इंजिन चालू ठेवून तासभर बसणं, एअर फिल्टर तुंबणं, हे आहेच. त्यात समजावण्यासारखं काही नाही.

एक गोष्ट मात्र अनेकांना गोंधळात टाकते. नवे टायर टाकले आणि अ‍ॅव्हरेज पडलं, अशी तक्रार टायरच्या दुकानात रोज येते. टायर खराब नसतो. नक्षी ८ मिलिमीटर झिजली की टायरचा व्यास १६ मिलिमीटरने कमी होतो, म्हणजे दोन टक्क्यांच्या वर. लहान चाक तेवढ्याच रस्त्यात जास्त फेरे मारतं आणि मीटर जास्त किलोमीटर दाखवतो. गुळगुळीत टायरवर १३ दिसणारं अ‍ॅव्हरेज खरं १२.७ असतं. शिवाय नव्या टायरची जाड नक्षी जास्त वाकते, त्यात थोडं डिझेल जातं. म्हणून नवे टायर टाकले की मी वहीत आडवी रेघ मारतो आणि खालून नवा हिशेब सुरू करतो.

गेल्या महिन्यात त्याच वहीत अ‍ॅव्हरेज बारावरून ११.४ वर आलं. टायर तेच, हवा बरोबर, रस्ता तोच. टोकावड्याला हात फिरवला तेव्हा मागचं डावं चाक उजव्यापेक्षा स्पष्ट गरम लागलं. जॅक लावून चाक हाताने फिरवलं तर अर्ध्या फेऱ्यात थांबलं, उजवं दोन-तीन फेरे फिरत राहिलं. हँडब्रेकची केबल आत गंजून अडकली होती, सोडल्यावर पूर्ण सुटत नव्हती. लायनर सतत ड्रमला घासत होता. ड्रम उघडला तर लायनरवर काचेसारखी चकाकी आलेली. केबल नवी घातली, मागचे दोन्ही लायनर बदलले, पुढच्या आठवड्याचं अ‍ॅव्हरेज १२.३ निघालं. परवा टोकावड्याला थांबलो, चारही चाकांची धग सारखी होती.